मोकळी बाजू

१

नीरजा शेवडेची सकाळ एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुरू होई. बनारसच्या चौकातून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत ते दुकान होतं आणि त्याची सज्जाची खोली तिच्या कंपनीनं भाड्यानं घेतली होती. कठड्यावर चहाचा मातीचा कुल्हड ठेवायचा, खाली वाकायचं आणि लोकांचे पाय बघायचे, हे तिचं काम. चेहरे नाही, पाय. कोण कुठे थबकतं, कोण कुठून वळतं, समोरून कुणी आलं की कोणता पाय आधी बाजूला पडतो, हे बघून बघून माणूस पुढच्या क्षणी काय करणार ते तिला जवळजवळ कळायला लागलं होतं.

अहमदाबादला तिनं हेच शिक्षण घेतलं होतं. माणसाला सांगायचं नाही, दरडावायचं नाही, आजूबाजूची मांडणी थोडी बदलायची की तो आपणहून वेगळं वागतो. ताट लहान केलं की कमी वाढून घेतो. कचऱ्याच्या डब्यापर्यंत जमिनीवर पावलं रंगवली की त्या पावलांवरून जातो. या धंद्यात त्याला ‘नज’ म्हणत. वडिलांनी अर्थ विचारला तेव्हा ती म्हणाली होती, “कोपरानं हळूच ढकलणं, अप्पा. ढकललंय हे कळूही नये, इतकं हळू.”

“मग ते त्यानं केलं असं कसं म्हणायचं?” अप्पांनी विचारलं होतं. ते संस्कृतचे शिक्षक होते, निवृत्त होऊनही त्यांचा शंका काढायचा स्वभाव गेला नव्हता. नीरजा तेव्हा हसली होती.

या गल्लीत तिला काम मिळालं होतं ते अर्थींसाठी, म्हणजे तिरड्यांसाठी. दोन माणसांनी हात पसरले तर भिंतींना लागतील एवढी गल्ली. तिच्यात यात्रेकरू, स्कूटरी, कचोरीवाले, सांड, आणि त्या सगळ्यातून ‘राम नाम सत्य है’ म्हणत येणाऱ्या अर्थी. त्या अडकायच्या. खांदेकरी ओरडायचे, मागची माणसं रडत रडत धक्के खायची. ‘अर्थी को रास्ता दें’ अशी पाटी भिंतीवर कित्येक वर्षं होती आणि पानाच्या पिचकाऱ्यांखाली बुजून गेली होती.

नीरजानं पाटीला हात लावला नाही. घाटाकडे तोंड केलं की डावीकडे येणाऱ्या दगडांवर तिनं रामरज मातीच्या रंगाचा फिकट पिवळा पट्टा मारून घेतला. दिवे त्या बाजूला झुकवले. उजवीकडच्या दुकानदारांना विनवून त्यांचे टांगलेले गमछे आणि माळा जरा खाली आणवल्या. डोळ्याला जिकडे उजेड आणि मोकळं वाटतं तिकडे पाय जातात. आठवड्याभरात अख्खी गल्ली पट्ट्यावरून चालू लागली, उजवी बाजू आपोआप रिकामी राहू लागली, आणि का म्हणून विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना. एका सकाळी तिनं पाहिलं, एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या अर्थीच्या बांबूवर हात ठेवून तिच्या शेजारून चालत खाली गेले. त्यांना कुणाचा धक्का लागला नाही. नीरजाचे डोळे भरून आले. आपलं शिक्षण कुणाच्या तरी उपयोगी पडलं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढं काही दिवसांनी, ऊन गल्लीच्या तळाशी पोचायच्या आधी, ती अशीच वाकून पाय बघत होती. खालच्या वळणाशी पट्ट्यावरून चालणारी माणसं आणखी डावीकडे सरकली. भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभी राहिली. अर्थी येते आहे असं वाटून नीरजानं चौकाच्या बाजूला मान वळवली.

तिकडून कुणीच येत नव्हतं. घोष ऐकू आला नव्हता. गल्लीची उजवी बाजू वरपासून खालपर्यंत रिकामी होती. माणसं थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग काही झालंच नाही अशी चालू लागली. एक बाई सोबतच्या मुलीला चपलेचा भाव सांगत होती. उभी असतानाही तिनं बोलणं थांबवलं नव्हतं.

२

“कुणीतरी एक थांबलं असेल,” नीरजा म्हणाली. “त्याला बघून दुसरा. एक वर बघतो म्हणून दहा जण वर बघतात, तसं.”

समोर तिचा सहकारी कुशल बसला होता. कॅमेरे आणि संगणक त्याच्याकडे होते. बनारसी मुलगा, दिवसभर तोंडात पान आणि बोलणं चालू, पण आज पान तसंच गालात राहिलं होतं. गल्लीत खांबांवर त्यांचे कॅमेरे होते. त्यांची चित्रं त्यानं शेजारी शेजारी लावली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

“नीरजाजी, आप सबको एक साथ मत देखिए. ऐसे देखिए, एक के बाद एक.”

तिनं तसं पाहिलं. आधी सगळ्यात खालच्या कॅमेऱ्यातली माणसं भिंतीला लागली. ती मोकळी झाली तोवर त्यावरच्या कॅमेऱ्यातली लागली. मग त्याच्या वरची. शेतातून वारा जावा आणि पीक ओळीनं वाकावं, तशी ती लाट गल्लीतून चालत गेली. चालत गेली हाच शब्द तिच्या मनात आला, कारण तिचा वेग माणसाच्या चालण्याचा होता. दमलेल्या माणसाच्या. मधे एका पायरीपाशी ती किंचित रेंगाळली आणि पुढं निघाली.

“नक्कल इतकी सावकाश होत नसते,” नीरजा स्वतःशीच म्हणाली. “झटकन पसरते.”

“और एक बात है,” कुशल म्हणाला. “ये नीचे से ऊपर आ रहा है.”

ते तिनंही पाहिलं होतं, फक्त मनात मांडलं नव्हतं. अर्थी वरून खाली जातात. चौकातून घाटाकडे. ही लाट घाटाकडून वर येत होती.

कुशलनं मागच्या दिवसांची चित्रं काढली. लाट तेव्हाही होती. पहिल्यांदा खालच्या वळणापर्यंत येऊन विरली होती. मग कचोरीच्या दुकानापर्यंत. मग आणखी वर. रोज थोडी पुढं, नवीन जागी आलेल्या माणसानं गल्लीबोळ अंदाजानं शिकत जावं तशी.

“उन्हाची तिरीप असेल,” नीरजा म्हणाली. “डोळ्यावर येत असेल तिकडून.” कुशलनं मान हलवली. दोघांनाही माहीत होतं की त्या वळणावर ऊन पोचतच नाही. पण काहीतरी म्हणायला हवं होतं.

३

तिचं घर संकठा घाटाच्या वरच्या बाजूला, त्याच गल्लीतून फुटणाऱ्या एका बोळात होतं. आजूबाजूला चार-सहा मराठी घरं उरली होती. जेवताना तिनं आईवडिलांना सगळं सांगितलं. तिला वाटत होतं, आपणच बोललेलं आपल्या कानांवर पडलं की त्यातला वेडेपणा दिसेल.

आई, अन्नपूर्णाबाई, आमटी वाढत म्हणाली, “तू नाहक परेशान होतेस. घाटावरून लोक आंघोळ करून येतात, ओल्या अंगाचे. बाकीचे बाजूला होत असतील.”

“पण येणारं कुणी नसतं, आई.”

“गर्दीत दिसत नसेल तुला.”

अप्पा, म्हणजे बिंदुमाधव शेवडे, घास थांबवून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “त्या पट्ट्यावर तू बाण काढला होतास का?”

“नाही. बाण हुकूम वाटतो. माणसं हट्टानं उलटी जातात.”

“मग वाट मोकळी केलीस, पण कुठून कुठं ते नाही सांगितलंस.” त्यांनी ताकाची वाटी उचलली. “मोकळी वाट दोन्हीकडून मोकळीच असते, नीरू.”

ते सहज म्हणाले होते. व्याकरणातली चूक दाखवावी तसे. पण नीरजाचा हात ताटातच थांबला. तिनं एवढ्या नकाशांवर, एवढ्या चर्चांत हा विचार कधी केला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर ती गल्ली होती ती नेहमी उतरणारी. घाटाकडून वर यायला कुणाला मोकळी बाजू लागेल, हे मनात यायचं कारणच काय होतं?

दुपारी बाहेर पडताना शेजारच्या शरदिनीकाकू ओट्यावर वाळवण आवरत होत्या. एकट्याच राहत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बोळातून येणाराजाणारा त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय सुटत नसे.

“काय गं, तुझी ती पिवळी लाइन चांगली झाली हो,” काकू म्हणाल्या. “चलना-फिरना सोपं झालं.”

“कुणाचं, काकू?”

“अगं, सगळ्यांचंच.” त्या परातीतल्या सांडग्यांवर फडकं टाकू लागल्या.

४

नीरजानं ठरवलं, आपण स्वतः उजव्या बाजूला उभं राहायचं. पट्ट्याच्या बाहेर, वाटेच्या मध्ये. लाट आली की हलायचं नाही. तिला लाटेचं कारण माहीत होतं, म्हणजे ती घडवून आणणारे सगळे इशारे माहीत होते. जाणत्या माणसावर नज चालत नाही, असं निदान पुस्तकात होतं.

भर दुपारी, गल्ली गजबजलेली असताना, ती कचोरीच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. पाय पक्के रोवले. कुशलला समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभं केलं. मन इकडेतिकडे जाऊ नये, मध्ये एखादा क्षण हरवला तर कळावा, म्हणून ती मोठ्यानं पाढे म्हणू लागली. जाणारे येणारे बघत होते. कचोरीवाला हसून म्हणाला, “का हो बहिनजी, इम्तिहान है?”

समोर भिंतीशी एक सांड रवंथ करत बसला होता. वाटेच्या अर्ध्यात त्याचं धूड पसरलेलं. बनारसमध्ये सांडाला कुणी उठवत नाही, माणसं वळसा घालून जातात. नीरजाचं लक्ष होतं खालच्या वळणाकडे. तिथली माणसं भिंतीला लागली. ती पाढे म्हणत राहिली. मग सांड उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे, घाईघाईनं, आणि भिंतीला अंग घासत बाजूला झाला. तेरा साते एक्याण्णव, तेरा आठे चारोत्तरशे, ती म्हणत राहिली.

पाढा संपला तेव्हा तिच्या पाठीला गार दगड लागत होता.

ती भिंतीशी उभी होती. डाव्या बाजूला, पट्ट्याच्याही पलीकडे. पाय जवळ घेतलेले, ओढणी हातात गोळा करून धरलेली. लाट कचोरीच्या दुकानाच्या वर गेली होती आणि माणसं चालू लागली होती. तिनं आठवून पाहिलं. पाढा कुठंही तुटला नव्हता. एकही क्षण गेला नव्हता. फक्त ती आपण कधी हललो हे सांगू शकत नव्हती.

“कुशल, मला कुणी ढकललं?”

“नहीं. आप खुद हटीं.” कुशल त्याच्या पायरीवर नव्हता. दुकानाच्या आत, कपाटाला टेकून उभा होता. तिनं बघितल्यावर त्याचंही लक्ष आपल्या पायांकडे गेलं. तो तसाच कपाटाला धरून राहिला.

वर जाऊन त्यांनी चित्रं पाहिली. नीरजा वाटेच्या मध्ये उभी आहे, ओठ हलताहेत. मग ती कुणीतरी हाक मारावी तशी मान वळवते, दोन पावलं मागे घेते. घाबरून नाही. दारात पाहुणा आला की आपण मागे होतो, तशी. तिच्या तोंडावर हसू आहे, ओळखीच्या माणसाला बघून येतं तसं. आणि ओठ पाढा म्हणत नाहीत. तोंड एकदा, छोटंसं, उघडतं आणि मिटतं.

“मी पाढा म्हणत होते,” नीरजा म्हणाली. “तू ऐकलास ना?”

“मैंने तो पहाड़ा ही सुना,” कुशल म्हणाला.

आवाज कॅमेऱ्यात नव्हता. कुशलनं चित्र मोठं केलं आणि तिच्यावरून बाकीच्यांवर नेलं. चपलांचा भाव करणारी माणसं, गमछेवाला, टोपी घातलेला दक्षिणेकडचा यात्रेकरू. बाजूला होताना प्रत्येकाचं तोंड एकदा हलत होतं. ज्याचं त्याचं वेगळं, थोडं लांब, थोडं आखूड.

नीरजा उठली आणि खिडकीच्या काचेपाशी गेली. चित्रातल्यासारखं तोंड उघडून मिटून पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा आपोआप आवाज आला.

“या.”

एवढंच. आपण दारात म्हणतो तसं.

५

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा खरवडून काढायला लावला. कंपनीला सांगितलं, रंग निसरडा होतोय. दिवे सरळ केले, गमछे पुन्हा वर बांधवले. माणसं डाव्या बाजूनंच चालत राहिली. दगड उघडे पडले होते तरी पावलं जिथं पट्टा होता नेमकी तिथंच पडत होती. पहिल्यांदाच काशीत आलेली, पट्टा कधी न पाहिलेली माणसंही पुढच्याच्या मागून तशीच जात होती. सवय लागली की इशारा काढून घेतला तरी चालतो. हेच तर तिचं यश समजलं जाणार होतं.

कुशल त्या दिवशी उशिरा आला. सज्जात यायचं त्यानं टाळलं, दारातच उभा राहिला.

“घर पर सब ठीक?” तिनं विचारलं.

“हाँ,” तो म्हणाला. “अम्मा ने सुबह से मेरी खटिया दीवार से लगा दी है. मैंने पूछा, क्यों. बोलीं, तूने ही तो लगाई.” त्यानं नखानं दाराचा रंग खरवडला. “शायद मैंने ही लगाई हो.”

त्याचं घर चौकाच्याही पलीकडे होतं. तिथं कुणी कधी पट्टा मारला नव्हता.

नीरजा लगबगीनं घरी निघाली. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. ती आपल्या बोळात वळली आणि मागून येणारी शांतता तिला जाणवली. आवाज बंद झाले नव्हते, फक्त दोन्ही बाजूंना गेले होते. मधला रस्ता ऐकू येईनासा झाला होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. भाजीची गाडी भिंतीला लागल्याचा खडखडाट झाला. सायकलची घंटी वाजून थांबली. बोळ तर मुख्य गल्लीहून अरुंद, इथं कसली बाजू मोकळी ठेवायची? तरी माणसं दारांत शिरून, ओट्यांवर चढून जागा करत होती. ती स्वतः शरदिनीकाकूंच्या ओट्यावर चढून उभी होती, हे तिला काकूंनी हाक मारल्यावर कळलं.

“आत ये ना. चहा टाकलाय.”

काकूंच्या पुढच्या खोलीतली खाट, जी ती लहानपणापासून खिडकीखाली बघत होती, आता आतल्या दाराशी ओढलेली होती. काकू खाटेच्या कडेला बसल्या होत्या, सगळी खाट मोकळी सोडून. स्टुलावर दोन कप होते. एक भरलेला, त्यावर साय धरलेली.

“कोण आलंय, काकू?”

“कोण येणार? मी एकटीच असते, तुला माहीत आहे.” त्यांनी तो भरलेला कप आपल्या पदरानं जरा पुढं सरकवला, दुसऱ्या कुणाच्या हाताशी यावा तसा. “एकटं राहायचं म्हणजे फार सुनं सुनं वाटतं गं. पण आता बरं आहे.”

“आता म्हणजे?”

काकूंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना प्रश्नच कळला नसावा. चेहरा प्रसन्न होता. त्यांच्या मागं, भिंतीजवळ, त्यांच्या देवघराचा कोपरा रिकामा होता आणि तिकडं बघावंसं नीरजाला वाटेना. डोळे आपोआप बाजूला जात होते. डोळ्यांना जिकडे सोपं वाटतं तिकडे ते जातात, हे तिनं किती जणांना शिकवलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. दुपारपासून घराच्या उंबऱ्यात बसली. आई दोनदा येऊन म्हणाली, उंबऱ्यात बसू नये, उठ. ती उठली नाही. दोन्ही हातांनी दोन्हीकडची चौकट धरून ठेवली.

“पुण्याला जाऊया,” ती सारखं म्हणत होती. विश्वजीत, तिचा धाकटा भाऊ, पुण्यात नोकरीला होता. “थोडे दिवस. अप्पा, ऐका माझं.”

“घर भरलेलं असताना उठून कुठं जायचं?” अप्पा आतून म्हणाले.

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. आपण काही वेगळं बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

“कशानं भरलंय घर?”

“हं?” त्यांनी पान उलटलं.

बोळाच्या तोंडाशी भाजीची गाडी भिंतीला लागली. नीरजानं चौकट घट्ट धरली. बोटांची पेरं पांढरी पडली. लाकडाचं एक कुसळ तळव्यात शिरलं, ते तिनं शिरू दिलं, दुखत राहावं म्हणून. समोरच्या घरातली बाई आपल्या दारात मागं झाली, ओठ हलले. शरदिनीकाकू ओट्यावरून आत गेल्या. बोळ नीरजापर्यंत पूर्ण मोकळा झाला, आणि ती दुखणाऱ्या कुसळावर सगळं लक्ष लावून बसून राहिली.

कुसळ दुखतच होतं. तांब्याच्या थंडपणामुळं तेवढं जाणवत नव्हतं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात पेला. बाहेरून आलेल्या माणसाला द्यायला आणतात तसा.

“दे, दे,” आई म्हणाली. “उन्हातून आलेत.”

“कोण?”

आईनं तिच्या हातातून पेला घेतला, दिवाणासमोरच्या तिपाईवर ठेवला आणि खाली, भिंतीला टेकून बसली. अप्पा दिवाणाच्या अगदी टोकाला सरकून बसले होते, वर्तमानपत्र मांडीवर घडी केलेलं. त्यांचा डावा हात दिवाणाच्या मोकळ्या भागावर, वर, हवेत होता. नीरजा त्या हाताकडे बघत राहिली. ते कुणाच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारताना बसत तसेच बसले होते. कोपर वाकलेलं, पंजा सैल, बोटं खाली लोंबलेली. हात उचलून धरलेला नव्हता. टेकलेला होता. सदऱ्याची बाही खालून दबून, कोपरापाशी चपटी झाली होती.

नीरजाचे डोळे तिथून निसटून गेले. तिनं ते परत आणायचा प्रयत्न केला. ते भिंतीवर गेले, खिडकीवर गेले, तिपाईवर गेले. मध्ये जाईनात.

मोबाइल वाजला. विश्वजीतचा व्हिडिओ कॉल होता. तिनं धावत जाऊन घेतला. बाहेरचं एक माणूस, इथलं नसलेलं.

“विशू, तुला काय दिसतंय?” तिनं मोबाइल खोलीकडे फिरवला. “नीट बघ आणि सांग.”

“काय दिसायचंय? तुम्ही.” तो हसला. “पण तुम्ही सगळे असे कडेकडेला चिकटून का बसलाय? मधे एवढी जागा आहे.”

“मधे कुणी दिसतंय का?”

“कुणी नाही गं. काय झालंय?” तो त्याच्या पुण्याच्या खोलीत टेबलाशी बसला होता, मागे उघडी गॅलरी, वाळत घातलेले टॉवेल. “बरं ऐक, आईला दे. तिच्या गोळ्यांचं विचारायचं होतं. डॉक्टर म्हणत होते की...” बोलता बोलता त्यानं खुर्ची उचलली आणि भिंतीकडे सरकवली. मग टेबलावरची पिशवी खाली ठेवली. बोलणं कुठंही तुटलं नाही. “...सकाळचीच घ्यायची, रात्रीची बंद.”

“विशू, तू आत्ता खुर्ची का सरकवलीस?”

“कधी?” विश्वजीत म्हणाला.

बाहेर बोळातले आवाज पुन्हा दोन्ही भिंतींकडे जाऊ लागले होते. एवढ्या लवकर पुन्हा कधी झालं नव्हतं. अप्पा दिवाणावर आणखी थोडे कडेला झाले. आई पाणी आणायला उठली. नीरजानं मोबाइल खाली ठेवला आणि दोन्ही तळहात तोंडावर गच्च दाबून धरले, दात आवळले, श्वासही रोखला.

तळहाताखाली ओठ एकदा उघडले आणि मिटले.

मग तिनं पाय जवळ घेतले आणि भिंतीकडे सरकली. खोलीत आता जागा कमी पडत होती.